शनिवारचे दोन तास आणि अनुदानाचा अर्ज

गेल्या अंकात ओघात लिहून गेले की अनुदानाच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसले आहे. माझा मुलगा आज पंचवीस वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे, म्हणजे बोलणं, आवाज, बदल हे सगळं त्याचा मेंदू लहानपणापासून वेगळ्या पद्धतीने घेतो. त्याच्यासाठी आणि त्याच्या बरोबरीच्या मुलांसाठी मी अकरा वर्षं पैसे मागत फिरले. नंतर सहा वर्षं एका निवड समितीवर बसून दुसऱ्यांचे अर्ज वाचले. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा महिना त्यांनाच देऊन टाकला आहे. पत्रं थोडी कापली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही नऊ कुटुंबं दर शनिवारी आळीपाळीने कुणाच्या तरी घरी जमतो. मुलं ५ ते १२ वर्षांची, सगळी ऑटिस्टिक. चार जण शब्दांनी बोलत नाहीत. आता एका प्रतिष्ठानाने स्थानिक उपक्रमांसाठी छोटी अनुदानं जाहीर केली आहेत. आमची नोंदणीकृत संस्था नाही. स्वप्न मात्र मोठं आहे : थेरपी, सेन्सरी रूम (उजेड, आवाज, स्पर्श मुलांना सोसेल असा ठेवलेली खोली), व्यवसाय प्रशिक्षण, पुढे निवासी केंद्र. हे सगळं अर्जात कसं बसवू?
- नऊ घरांतली एक आई

उत्तर : बसवू नका. निवासी केंद्राचं स्वप्न मीही बघितलंय, अजूनही रात्री जाग आली की बघते. पण एका वर्षाच्या छोट्या अनुदानाच्या अर्जात ते लिहिलं, की वाचणाऱ्याला एवढंच कळतं की या मंडळींनी अजून हिशेब मांडलेला नाही.

आधी नोंदणीचं बघू. घाईने संस्था काढू नका. नोंदणी झाली की दरवर्षीचे हिशेब, सभा, ठराव, लेखापरीक्षण हे सगळं मागे लागतं आणि ते तुमच्यातल्याच दोघीतिघींच्या अंगावर पडतं. त्यापेक्षा चालू असलेली एखादी संस्था गाठा : वाचनालय, शाळा, क्रीडा मंडळ. अनुदान देणाऱ्यांच्या नियमात बसत असेल तर पैसे त्यांच्या खात्यात येतील आणि उपक्रम तुम्ही चालवाल. फक्त एका कागदावर लिहून घ्या की खर्च कोण ठरवणार, सही कुणाची, पावत्या कुणाकडे, आणि हिशेब ठेवण्याबद्दल ती संस्था किती टक्के कापणार. हे शेवटचं विचारायला आपल्याला संकोच वाटतो. मलाही वाटला होता. मग पहिला हप्ता हातात आला तेव्हा कळलं की दहावा हिस्सा आधीच गेला आहे.

आता अर्ज. समितीवर असताना एका अर्जाला माझी जेमतेम वीस मिनिटं मिळायची. बहुतेक अर्जांची पहिली दोन पानं सारखीच असत : ऑटिझम म्हणजे काय, १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांचं वर्णन कसं केलं, २०१३ साली निदानाच्या पुस्तकात सगळे प्रकार एका स्पेक्ट्रमखाली, म्हणजे कमीजास्त छटांच्या एकाच नावाखाली, कसे आले. खरी माहिती आहे, पण तिच्यासाठी कुणी पैसे देत नाही. तिसऱ्या पानावर उद्दिष्टं यायची, तीही समाजाच्या मुख्य प्रवाहाबद्दल. शनिवारी चार वाजता दार कोण उघडणार, हे शेवटपर्यंत सापडायचं नाही.

एक अर्ज मात्र अजून डोळ्यांपुढे आहे. हाताने लिहिलेला, दीड पानी. त्यात होतं की दर शनिवारी ४ ते ६, सहा मुलं, तीन मोठी माणसं. दाराशी हातभर लांब पट्टी, तिच्यावर वेल्क्रोने चिकटवलेली पाच चित्रं : बूट काढणे, झोपाळा, ठोकळे, पाणी, घर. एक गोष्ट झाली की मूल ते चित्र काढून खालच्या डब्यात टाकतं. घराचं चित्र शेवटी, आणि ते पहिल्या मिनिटापासून तिथेच दिसतं, त्यामुळे घरी कधी जायचं हे विचारायला रडावं लागत नाही. कोपऱ्यात एक तंबू, आत कुणी गेलं तर त्याला कुणी हाक मारायची नाही. बाथरूममधलं हात वाळवायचं यंत्र दोन तास बंद ठेवायचं आणि कापडी रुमाल ठेवायचे, कारण दोन मुलं त्या आवाजाने लघवीलाच जात नव्हती. समितीत एरवी आम्ही एकमेकांशी भांडायचो. या अर्जावर कुणी तोंडही उघडलं नाही, सगळ्यांनी सह्या केल्या.

तुमच्याकडे असा शनिवार आधीच आहे. तोच लिहा. फक्त घराऐवजी एक कायमची जागा मागा, कारण दर आठवड्याला जागा बदलणं त्या मुलांना किती जड जातं ते तुम्हाला मी सांगायला नको.

अंदाजपत्रकात सगळ्यात मोठा आकडा माणसांच्या मानधनाचा असू द्या. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले. आमच्या पहिल्या अनुदानाची अट होती की पैसे फक्त साहित्यावर खर्च करायचे, मानधन चालणार नाही. आम्ही खूश! सेन्सरी रूम करायला घेतली. बुडबुड्यांची उभी नळी आली, रंग बदलणारे दिवे आले, वजनाची पांघरुणं, मऊ गाद्या. उद्घाटन झालं, फोटो निघाले. पण खोली उघडून मुलांबरोबर बसायला माणूस नव्हता. आम्ही आया आळीपाळीने दोन महिने गेलो, मग एकीच्या घरी आजारपण, दुसरीची बदली. किल्ली पहारेकऱ्याकडे गेली. वर्षाने मी त्या खोलीत डोकावले तर बुडबुड्यांच्या नळीला टेकवून घडीच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. नळीतलं पाणी हिरवं झालं होतं.

तेव्हा दोन प्रशिक्षित माणसं आणि तिसरं बदलीचं, एवढं मानधन मागा. बदलीचं माणूस अर्जात कुणीच लिहीत नाही. आणि नेमका त्याच शनिवारी मुख्य ताईला ताप येतो. जाण्यायेण्याचा खर्च लिहा. तो नाही लिहिला तर ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांचीच मुलं येतात. दारावर लक्ष ठेवायला एक माणूस आणि दाराला वरची कडी हेही लिहा, आणि कुणी याला चैन म्हटलं तर ऐकून घेऊ नका. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जवळपास निम्म्या पालकांनी सांगितलं होतं की त्यांचं ऑटिस्टिक मूल चौथ्या वर्षानंतर एकदा तरी नजर चुकवून निघून गेलं किंवा जायला बघत होतं. पाण्याजवळ जागा असेल तर जास्तच सांभाळा, अशा वेळी बुडण्याची भीती सगळ्यात मोठी.

मुलं आत असताना तुम्ही आईवडील बाहेर काय करणार, हेही एका ओळीत सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने पालकांसाठी एक प्रशिक्षण बनवलं आहे, नऊ गटबैठका आणि तीन घरभेटी असं. ते चालवायला तज्ज्ञच लागतात असं नाही, शिकवून तयार केलेला कार्यकर्ताही चालतो. पण काहीच न करता दोन तास नुसतं बसायचं असेल तर तेही बेधडक लिहा. 'पालकांना विश्रांती' हा खर्चाचा रास्त हेतू आहे.

शेवटी फलनिष्पत्तीचा रकाना येतो, तिथे हात आवरा. 'सामाजिक कौशल्यात ४० टक्के वाढ' असलं वचन देऊन वर्षाअखेर मुलांच्या मागे फूटपट्टी घेऊन धावावं लागतं. किती मुलं आली, किती पुन्हा आली, कोण दारातून आत यायला तयार झालं, किती पालकांनी पुढच्या वर्षी चालवायची तयारी दाखवली, एवढं मोजा. एका मुलाने सहा शनिवार फक्त दारात बसून काढले आणि सातव्या शनिवारी बूट काढले. आमच्या अहवालातलं ते सगळ्यात चांगलं वाक्य होतं.

प्रश्न : आमच्या मित्रमंडळाला २ एप्रिलच्या ऑटिझम दिनाला काही भरीव करायचं आहे. इमारतीवर निळी रोषणाई आणि पझलच्या तुकड्याचे बिल्ले असा विचार आहे. सुचवा.
- एक मित्रमंडळ

उत्तर : तो दिवस संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००७ मध्ये ठरवला आणि २००८ पासून पाळला जातो, तेव्हा हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही. बिल्ल्यांबद्दल आहे. पझलचा तुकडा १९६३ साली इंग्लंडमधल्या पालकांच्या संघटनेने घेतला. आज अनेक ऑटिस्टिक मोठ्या माणसांना तो नको असतो, आम्ही कोडं नाही आणि आमचा तुकडाही हरवलेला नाही असं ते म्हणतात. निळ्या दिव्यांवरही अनेकांचा राग आहे. त्या रोषणाईचे पैसे वाचवा आणि तुमच्या भागातल्या एखाद्या शनिवारच्या गटाचं वर्षभराचं जागाभाडं भरा. जागाभाडं द्यायला कुणी पुढे येत नाही, कारण त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढता येत नाही.

प्रश्न : मी २७ वर्षांची ऑटिस्टिक बाई आहे, निदान २३व्या वर्षी झालं. ज्या संस्थेत जात होते तिथे प्रत्येक कार्यक्रमात आमचे फोटो काढायचे, 'अनुदानाच्या अहवालाला लागतात' म्हणून. टाळ्या वाजल्या की मला कान झाकावे लागतात, त्याचाही फोटो काढला गेला. सगळे उपक्रम १८ वर्षांपर्यंत. आम्हाला काय हवं ते कुणी विचारत नाही. आणि तुम्ही या सदरात 'स्वमग्न' लिहिता. मी स्वतःत मग्न नाही. मी तुमचं सगळं ऐकत असते, जरा जास्तच.
- कान झाकणारी

उत्तर : पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला, तो लपवत नाही.

शब्दाचं आधी. मूळ 'ऑटिझम' हा शब्दच ग्रीक 'स्व'वरून आला. ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञांनी तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात वापरला, कॅनर यांनी तिथून उचलला आणि मराठीत त्याचं स्वमग्नता झालं. मला तो मतिमंदपेक्षा सभ्य वाटायचा, त्या काळी आमच्यासमोर पर्याय तेच होते. पण तुमचं म्हणणं बरोबर आहे, तो शब्द बाहेर उभं राहून बघणाऱ्याचा आहे. या अंकापासून मी ऑटिस्टिकच लिहिते आहे, वर बघा. माझ्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "माझं नाव लिही."

लेखणी आमच्या हातात कशी आली तेही सांगते, सबब म्हणून सांगत नाही. एके काळी डॉक्टरच म्हणायचे की मुलं अशी होतात ती थंड आईमुळे. 'रेफ्रिजरेटर मदर' असा शब्दच होता. त्याविरुद्ध पालक उभे राहिले. लंडनमध्ये १९६२ साली पालकांनी संघटना काढली, अमेरिकेत १९६५ साली, आणि तिथल्या संस्थापकांतले बर्नार्ड रिमलंड हे स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. शाळा, वर्ग, अनुदानं हे त्या पालकांनी भांडून मिळवलं. पण भांडता भांडता सवय अशी लागली की मूल तीस वर्षांचं झालं तरी अर्ज आईच लिहिते. १९९३ साली जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्याने पालकांना सांगितलं की आमच्यासाठी शोक करू नका. मी ते वाचलं तेव्हा माझा मुलगा सात वर्षांचा होता आणि मी पानं मिटून ठेवून दिली. शोक करायचाही हक्क नाही का, असं वाटलं. पुन्हा उघडायला मला चार वर्षं लागली. आणि डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने २०१२ साली मांडलं की समजून घेण्यातली अडचण दुतर्फा आहे. तुम्हाला आम्ही कळत नाही तेवढेच आम्हाला तुम्ही कळत नाही. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य तेच तर सांगतं.

आता कामाचं. फोटोला 'नाही' म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि नाही म्हटल्याने प्रवेशाला धक्का लागता कामा नये. समितीवर असताना मी एवढं तरी करून घेतलं की अहवालात चेहरा असण्याची अट निघाली. संस्था मग हातांचे फोटो पाठवू लागल्या, चिकटवलेल्या चित्रपट्ट्यांचे, रिकाम्या खुर्च्यांच्या गोलाचे. त्यातून काम जास्त कळायचं. टाळ्यांऐवजी हात वर करून बोटं हलवायची पद्धत काही गटांनी लावली आहे. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, दुसऱ्या कार्यक्रमापर्यंत सवय होते.

दुसरं, आमच्या फॉर्ममध्ये दोन प्रश्न वाढवले : हा उपक्रम ठरवताना कुठल्या ऑटिस्टिक व्यक्तींनी काय सांगितलं, आणि त्यांना त्याचं मानधन मिळालं का. यात मेहेरबानी नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे, त्याच्या चौथ्या कलमात लिहिलं आहे की अपंगांविषयीचे निर्णय सरकारांनी त्यांच्याशी आणि त्यांच्या संघटनांशी सल्लामसलत करून घ्यावेत. पहिल्या वर्षी निम्म्या अर्जांत तो रकाना कोरा आला. एका संस्थेने लिहिलं, 'मुलं आनंदी दिसतात.' आम्ही अर्ज परत पाठवला.

आणि तिसरं, अर्ज तुम्ही करा. तुमच्या वयाच्या लोकांसाठी महिन्यातून एक संध्याकाळ, मंद दिवे, बोर्डगेम, बोलायची सक्ती नाही. किंवा मुलाखतीचे प्रश्न आधी लेखी मिळावेत यासाठी कंपन्यांशी बोलणारा एक छोटा गट. छोट्या अनुदानात हे सहज बसतं. वयाची अट आड आली तर देणाऱ्यांना पत्राने विचारा, फोन करू नका (तुम्हालाही बरं पडेल, आणि उत्तर लेखी मिळेल). आमच्याकडची १८ची अट अशाच एका पत्राने गेली. ती का ठेवली होती हे समितीत कुणालाच आठवेना, जुन्या फॉर्मवरून नव्या फॉर्मवर उतरत आली होती.

प्रश्न : मी नववीत आहे. दादा ऑटिस्टिक आहे. सगळं त्याच्याभोवती असतं. भावंडांसाठी पण अनुदान असतं का? हे विचारणं वाईट आहे का?
- धाकटी

उत्तर : वाईट नाही गं. आणि हो, मागता येतं. अमेरिकेत डॉन मेयर यांनी अशा भावंडांसाठी सिबशॉप नावाचे गट सुरू केले. तिथे खेळ जास्त आणि बोलणं कमी असतं, आणि दादाचा राग येतो असं म्हटलं तर कुणी डोळे मोठे करत नाही. तुझ्या आईबाबांच्या गटाला सांग, अर्जात भावंडांच्या चार दुपारी वेगळ्या लिहा म्हणावं. हे पान त्यांच्यासमोर उघडं टाकून ठेव, बोलायला जमत नसेल तर.

प्रश्न : नातीसाठी लिहितो. वय १४. दर मंगळवारी पाच वाजता ती चित्रांच्या वर्गाला जायची, अनुदानावर चालणारा वर्ग होता. दोन वर्षांनी अनुदान संपलं, वर्ग बंद झाला, आम्हाला आठवडाभर आधी निरोप आला. त्याला पाच महिने झाले. ती अजून मंगळवारी बूट घालून, पिशवी घेऊन दारात उभी राहते. आम्ही 'वर्ग बंद' असं सांगतो. ती उभीच राहते.
- आजोबा

उत्तर : आजोबा, माझ्याकडूनही हे एकदा झालं आहे. आमच्या पोहण्याच्या वर्गाचा शेवटचा हप्ता देणाऱ्या संस्थेकडून सात महिने उशिरा आला. तोवर मी आणि अजून दोघींनी पदरचे घातले, मग तेही संपले आणि आम्ही एका शुक्रवारी मुलांच्या घरी फोन केले. मुलांना कुणी सांगितलं नाही. आम्हाला सुचलंच नाही, आम्ही हिशेबातच बुडालेल्या.

आता मी अर्ज लिहिणाऱ्या प्रत्येकाला सांगते की शेवटही अर्जातच लिहा. पुढचे पैसे मिळाले नाहीत तर शेवटचे सहा आठवडे कसे असतील : दिनदर्शिकेवर खुणा, आठवड्याऐवजी पंधरवड्याने वर्ग, शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपली चित्रं घरी न्यायची. आणि वर्ग शक्यतो वाचनालयासारख्या जागी ठेवावा, म्हणजे पैसे संपले तरी दार उघडं राहतं आणि मंगळवारी पाचला तिथे जाऊन बसता येतं. तुमच्या वर्गाच्या चालकांना हे पान दाखवा, रागावून नको.

नातीसाठी मला सुचतं ते असं. तिला सांगणं पाच महिने झालं, आता दाखवा. येत्या मंगळवारी पाच वाजता तिला घेऊन त्या इमारतीपर्यंत जा, नेहमीच्या रस्त्याने, पिशवीसकट. दाराला कुलूप असेल ते तिला हवं तितका वेळ बघू द्या, हात लावायचा असेल तर लावू द्या. घाई नको. त्या कुलपाचा फोटो काढा, छापून घ्या आणि घरच्या दिनदर्शिकेवर मंगळवारच्या चौकोनात चिकटवा. शेजारीच दुसरं चित्र : तिथून पुढे जिथे जाणार त्याचं. बाक असेल, बाग असेल, तीच वेळ, तीच पिशवी, आत रंग. वर्गातल्या ताई अजून ओळखीच्या असतील तर त्यांना त्या पहिल्या मंगळवारी अर्धा तास बाकावर यायची विनंती करा, त्यांनाही निरोप घ्यायचा राहिला असेल. निदान चार मंगळवार हे एकही न चुकवता करा. ती खूप अस्वस्थ झाली, स्वतःला मारू लागली तर थांबा आणि तिच्या थेरपिस्टशी बोला.

पहिल्या मंगळवारी कुलपापाशी तिने काय केलं, तेवढं मला कळवा.